पेजमेकरवाला संगणक आणि १४ ऑक्टोबर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑफसेटचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, शाळांची प्रगतिपुस्तकं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्था नि दूध संस्थांचे वार्षिक अहवाल, अशी वर्षभराची कामं. मालक साठीच्या पुढचे, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं मांडायचं काम एक ताई बघतात, टाइपरायटरवर शिकलेल्या, हात असा चालतो की बघत राहावं. हिशेब, जीएसटी आणि गिऱ्हाइकांचं व्हॉट्सअ‍ॅप अण्णांचा मुलगा सांभाळतो. हे सगळं ज्याच्यावर चालायचं तो संगणक मात्र एकच.

सप्टेंबर २०२५ मध्ये माझ्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात मुलाचा फोन आला. विंडोज १० बंद होतंय, १४ ऑक्टोबरनंतर कॉम्प्युटर चालणार नाही असं म्हणतात, तर विंडोज ११ टाकून द्या. मी म्हटलं, चालायचा थांबणार नाही. त्या तारखेनंतर मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट पाठवणं बंद करणार आहे, एवढंच. पण यंत्र बघितल्याशिवाय काही टाकायचं नाही.

तालुक्याच्या ठिकाणी संगणकदुरुस्ती करणाऱ्याकडे हा प्रश्न हल्ली रोज येतो. बहुतेकांना दोन वाक्यांत उत्तर देता येतं. इथे आलं नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

तक्रार एक, कारणं तीन

मुलाच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ जुनं विंडोज. प्रत्यक्षात तीन वेगळी दुखणी एकाच नावाखाली जमा झाली होती.

पहिलं दुखणं असं, की सकाळी संगणक सुरू केला की तारीख कुठल्या कुठे गेलेली असायची आणि बँकेची साइट उघडायची नाही. 'विंडोज एक्स्पायर झालं' हा समज मुळात इथून आलेला. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. संगणकाचं घड्याळ मागे गेलं की साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही आणि ब्राउझर दार लावून घेतो. पन्नास रुपयांच्या आत हा विषय मिटला.

दुसरं दुखणं म्हणजे मंदपणा. ताई बटण दाबून झाडलोट करायच्या, उदबत्ती लावायच्या, तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचा. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर मात्र निवांत. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर पिवळं 'कॉशन' आलं आणि पेंडिंग सेक्टरच्या रकान्यात शून्याऐवजी आकडा दिसला. म्हणजे डिस्कचे काही भाग वाचले जात नव्हते. अशा डिस्कवर 'विंडो मारणं' (विंडोज नव्याने टाकणं) म्हणजे पंधरा वर्षांच्या फायली पणाला लावणं. तिथल्या तिथे सांगितलं, विंडोज १० असो की ११, आधी ही डिस्क उतरणार.

तिसरं दुखणं खरोखर ऑपरेटिंग सिस्टीमचं होतं, आणि ते कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

१९०९

विंडोजची आवृत्ती बघायला मी 'विनव्हर' टाइप केलं. आलं १९०९. हा छापखान्याच्या स्थापनेचा सन नव्हे. विंडोज १० ची नोव्हेंबर २०१९ मधली आवृत्ती. विंडोज १० ची अखेरची आवृत्ती २२एच२, आणि १४ ऑक्टोबरची मुदत तिच्यासाठी. १९०९ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांच्या दुरुस्त्या मे २०२१ मध्येच थांबल्या. कुणीतरी कारागिराने अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवली होती. ऐन अहवालांच्या घाईत संगणक आपोआप रीस्टार्ट झाला, तेव्हा अण्णांनीच तसं करायला सांगितलं होतं म्हणे. त्यांची चूक म्हणवत नाही. सभेची तारीख जवळ आलेली असताना 'अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका' ही ओळ कुणालाही नको असते.

म्हणजे वर्तमानपत्रांत ज्या तारखेची चर्चा चालली होती, ती या यंत्रासाठी चार वर्षांपूर्वीच उलटून गेलेली. तरी बँक चालत होती, जीएसटी भरला जात होता. कारण क्रोम विंडोजच्या अपडेटवर अवलंबून नसतो, स्वतःचं स्वतः अद्ययावत होतो. साइट उघडतात म्हणजे सगळं ठीक आहे, असं सगळे धरून चालले होते.

मुलगा म्हणाला, "आमच्या पत्रिका चोरून कोण काय करणार?" हा प्रश्न नेहमीचाच. त्याला २०१७ चं उदाहरण दिलं. वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ज्या फटीतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती, हल्ला झाला १२ मे रोजी. दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतलं नाही ते सापडले. जूनमध्ये त्याच फटीचा वापर करणारा नॉटपेट्या आला आणि आपल्या जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावाशेवा बंदरातलं, एक टर्मिनल ठप्प झालं. तो हल्ला मुळात युक्रेनवर होता. न्हावाशेव्याशी कुणाचं वैर नव्हतं. असले किडे पत्ता बघून येत नाहीत. आणि छापखान्याच्या त्याच संगणकात बँकेचा पासवर्ड सेव्ह केलेला होता.

बारीक अक्षरांतली ओळ

आता 'अकरा टाकून द्या' या मूळ मागणीकडे. यंत्र २०१३ च्या सुमाराला असेंबल केलेलं, तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीम उघडू देणारं सिक्युअर बूट लागतं. इथे तिन्ही नाहीत.

याच्यावर उतारा आहे, आणि तो गावातल्या दुसऱ्या कारागिराने आधीच सुचवला होता. हजार रुपयांत अकरा बसवून देतो. रुफस या प्रोग्रामने विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवताना या अटींच्या तपासण्या गाळता येतात, ते खरं आहे. तसं बसवलेलं अकरा चालतंही. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं, आणि दरवर्षीची नवी आवृत्ती त्यावर आपणहून येत नाही, दर खेपेला पुन्हा तीच कसरत. सिनेमे बघायच्या घरच्या संगणकावर मी ते खुशाल करीन. पोट ज्याच्यावर आहे त्या एकुलत्या यंत्रावर करणार नाही.

तरी हा वाद घालायची वेळच आली नाही. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडलं आणि सिस्टीम टाइपसमोर लिहिलेलं दिसलं: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. प्रोसेसर चौसष्ट बिटांच्या नव्या घडणीचा आणि विंडोज बत्तीस बिटांच्या जुन्या घडणीचं. यंत्र घेतलं तेव्हा त्यात ३२-बिटचं विंडोज ७ होतं. २०१६ मध्ये फुकटच्या सवलतीत त्याचं १० झालं, तेही बत्तीसचंच.

विंडोज ११ बत्तीस बिटांत निघालेलंच नाही. म्हणजे वरच्या वर अपग्रेड अशक्य, सगळं पुसून नव्याने टाकणं आलं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर बत्तीसचे साधे प्रोग्राम चालतात, पण बत्तीसचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण ओळखून चालवणारे प्रोग्राम, चालत नाहीत. कोणता ड्रायव्हर? संगणकाच्या मागे, यूएसबीला, सेलोटेपने चिकटवून ठेवलेला अंगठ्याएवढा हिरवट लॉक होता त्याचा.

हा लॉक म्हणजे ताईंचं सगळं जग. मराठी फाँट आणि कीबोर्डचं जे सॉफ्टवेअर त्या वापरतात, ते हा लॉक लावल्याशिवाय उघडत नाही, आणि त्यांच्याकडची आवृत्ती इतकी जुनी की तिच्या सीडीवर लॉकचा ड्रायव्हर फक्त बत्तीस बिटांचा. त्या फाँटांवर उभ्या आहेत पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फायली. अडोबीने पेजमेकर ७ आणलं २००१ मध्ये, ती त्याची शेवटची मुख्य आवृत्ती. तरीही महाराष्ट्रातल्या लहान छापखान्यांत ते आजही सुखाने नांदतं आहे, आणि त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. ट्रेसिंगवर प्रिंट काढून प्लेट करायची, एका रंगात हजार पावत्या छापायच्या, तर त्यात काही कमी पडत नाही.

ताईंनी मला एकच विचारलं, "माझं पेजमेकर राहणार ना, दादा?"

एका यंत्राची दोन कामं

या प्रकरणाची खरी गाठ इथे होती. 'अपग्रेड करावं की नाही' हा प्रश्न यंत्राला उद्देशून विचारला जात होता. पण हे यंत्र परस्परविरुद्ध गरजांची दोन कामं करत होतं. पेजमेकर, जुने फाँट आणि लॉक यांना काहीही न बदललेलं बरं. बँक, जीएसटी, व्हॉट्सअ‍ॅप आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह यांना सतत ताजी राहणारी सिस्टीम हवी. एका डिस्कवर दोन्ही ठेवायची म्हटली तर एकाचा जीव जातो नाहीतर दुसऱ्याला चोर लागतो.

मग मी पर्याय कामांप्रमाणे तपासले.

मुदतवाढ विकत घेणं. घरगुती यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय ठेवली, ३० डॉलर भरून किंवा सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यावर चालू केला तर फुकट. व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दोन्हीला आधी २२एच२ वर यावं लागतं. ज्याचं विंडोज अद्ययावत आहे, डिस्क धड आहे आणि फक्त वर्षभर ढकलायचं आहे, त्याला हा मार्ग उत्तम. घरच्या संगणकांसाठी मी तो अनेकांना सुचवला. इथे मात्र बारा वर्षांच्या यंत्रावर दरवर्षी चढतं भाडं भरण्यात राम नव्हता.

लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची फुकट सिस्टीम. तिच्यातल्या मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतात आणि असल्या जुन्या यंत्रावर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकून त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बरी पळते. पण लॉक तिथेही चालणार नाही, म्हणजे या यंत्रासाठी ते बाद.

रॅम वाढवणं. मुलाला कुणीतरी '८ जीबी करा' सांगितलं होतं. बत्तीस बिटांचं हे विंडोज चारच्या पुढची रॅम वापरतच नाही. पैसे पाण्यात.

नवं यंत्र घेऊन जुनं भंगारात देणं. अण्णांचा कल इकडे होता, एकदाच काय तो खर्च. फाँटांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेता आली असती, पण ती घेऊनही पेजमेकर अकरावर किती नाठाळपणा करील ते दिवाळीच्या तोंडावर शोधत बसणं धोक्याचं. अहवाल संपत आलेले, दिवाळीची शुभेच्छापत्रं नि कॅलेंडरं सुरू, नगरपालिका निवडणुका कधीही लागतील अशी हवा. निवडणूक लागली की छापखाना रात्री बंद होत नाही.

उरला मार्ग तोडण्याचा. कामं तोडायची आणि यंत्र दोन करायची.

काय केलं, कोणत्या क्रमाने

लगेच करायच्या गोष्टी दोनच ठेवल्या. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत २५६ जीबीच्या एसएसडीवर काढली. खराब सेक्टर असलेल्या डिस्कला नेहमीचं क्लोनिंग मध्येच दगा देतं, म्हणून डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी धड भाग उचलतं आणि दुखऱ्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा जातं. मूळ डिस्कमधला वापरलेला भाग शेवटच्या निम्म्यात गेलेला नव्हता, त्यामुळे विभाग लहान करून प्रत एसएसडीत बसवता आली. काही जुन्या पत्रिकांच्या फायली गेल्या, अहवालांचे साचे वाचले. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असल्याने डिस्क बदलली तरी त्याने काही कुरबुर केली नाही. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात गेली.

आणि नेटची केबल काढली. ताईंचा संगणक त्या दिवसापासून इंटरनेटवर नाही. सेव्ह केलेले पासवर्ड पुसले, बँकेचे पासवर्ड दुसरीकडून बदलले. बँकेचं काम तेवढ्यापुरतं मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर गेलं.

एसएसडी बसल्यावर तो संगणक उदबत्तीच्या आधी उघडू लागला. अण्णा म्हणाले, "मग नवा कशाला घ्यायचा? पळतोय की." हा क्षण मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. वेग परत आला की सुरक्षेचा विषय लोकांना आठवत नाही. यंत्र पळतं आहे ते डिस्कमुळे. विंडोज अजून २०१९ चंच आहे, आणि म्हणूनच केबल काढलेली आहे, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. पटलं ते मुलाने लॅपटॉप परत मागितल्यावर.

दुसरं यंत्र भाऊबीजेनंतर आणलं. तुळशीच्या लग्नापर्यंत छापखान्याला थोडी उसंत असते, पुढे पत्रिका सुरू होतात. नूतनीकरण केलेला ऑफिस डेस्कटॉप, आय५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, एसएसडी, अस्सल विंडोज ११. खर्च वीस हजारांच्या आत. असा माल घेणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. दुकानदार 'आय५ आहे' एवढंच सांगतो. बाहेरून तोच डबा, तेच स्टिकर, पण आत ७५०० असेल तर ती सातवी पिढी आणि ८५०० असेल तर आठवी. एका आकड्याने विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा जातो. 'अबाउट'मध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघूनच पैसे मोजावेत.

दोन यंत्रांमध्ये ये-जा करायला लाल दोरा बांधलेला एक पेन ड्राइव्ह ठेवला. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह फक्त नव्याला लागतो, तिथे तपासला जातो, हवी ती फाइल लाल दोऱ्यावरून ताईंकडे जाते. जुन्या यंत्रावर ऑटोप्ले (पेन ड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद. धोका शून्य झालेला नाही. पेन ड्राइव्हमधूनही कीड येते. पण चोवीस तास उघडं असलेलं दार आणि दिवसातून चारदा उघडणारी खिडकी यांत फरक आहे.

ताईंची बाजू

या व्यवस्थेची किंमत ताईंनी मोजली, ती लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी प्रूफची पीडीएफ केली की त्याच जागेवरून व्हॉट्सअ‍ॅपवर जायची. आता पेन ड्राइव्ह काढा, शेजारी लावा, पाठवा. पहिल्या आठवड्यात त्या वैतागल्या होत्या. दोन्ही स्क्रीन एका टेबलावर आणल्या आणि चाकांची खुर्ची दिली, तेव्हा जरा निभावलं.

एक गोष्ट मात्र कुणी ठरवली नव्हती. गिऱ्हाइकं मजकूर आता मोबाइलवर मराठीत टाइप करून पाठवतात. तो आजच्या प्रमाण पद्धतीतला (युनिकोड) मजकूर जुन्या पेजमेकरमध्ये चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून ताई व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून सगळं पुन्हा टाइप करायच्या. आडनावं चुकायची ती तिथेच. नव्या यंत्रावर स्क्राइबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. त्याची जानेवारी २०२४ ची १.६ आवृत्ती देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडते. सोबत मुक्तासारखे मोफत युनिकोड फाँट. एका बारशाच्या पत्रिकेचा मजकूर ताईंनी तिथे सरळ चिकटवून पाहिला आणि पुन्हा टाइप करावं लागलं नाही. शिकवायला कुणी बसलं नव्हतं. आता साध्या पत्रिका नि हँडबिलं त्या तिकडेच करतात. पावतीपुस्तकं आणि अहवाल पेजमेकरमध्येच, आणि मी त्याला हात लावायला सांगितलेलं नाही. ताळेबंदाचे तक्ते नव्याने मांडायचे म्हणजे एक अख्खा हंगाम हवा.

अजून मोकळं राहिलेलं

लॉक एकच आहे. तो गेला तर डिस्कच्या दहा प्रती काढून उपयोग नाही. म्हणून जे साचे दरवर्षी लागतात त्यांच्या पीडीएफ करून ठेवायला सांगितल्या आहेत. निम्म्या झाल्या आहेत.

बोर्ड गेला तर काय, याचीही चाचणी घेतली. एसएसडीची प्रतिमा नव्या यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली, यूएसबी आत जोडली. लॉक ओळखला गेला, फाँट आले, पेजमेकर उघडलं. विंडोजने मात्र लायसन्स मागितलं, कारण त्याच्या लेखी हे दुसरंच यंत्र. लायसन्स घेऊन हाच मार्ग कायमचा करावा असं माझं मत आहे. अण्णा म्हणतात, बोर्ड जाईल तेव्हा बघू. तूर्त एच६१ चा एक चालता बोर्ड मी दुकानात त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवला आहे.